नऊ माणसं आणि सात सीटची गाडी

कोल्हापुरातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय चाळिशीच्या आसपास. आई-वडील जवळच राहतात आणि त्यांचं दुखलंखुपलं याच बघतात. थोरला भाऊ टेक्सासला असतो. तो सहा वर्षांनी बायको आणि दोन मुलांना (नऊ आणि पाच वर्षांची) घेऊन डिसेंबरात दहा दिवसांसाठी येतोय. त्याच मुक्कामात आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होतात. भावाने फोनवर सांगितलं, दहाही दिवस एक मोठी लक्झरी एसयूव्ही भाड्याने घेऊन ठेव, पैसे मी देतो, आपण सगळे एकत्र फिरू. मागोमाग नावंही पाठवली: मर्सिडीज जीएलएस, बीएमडब्ल्यू एक्स-७, लँड क्रूझर, रेंज रोव्हर, डिफेंडर. ताईंच्या घरी अर्टिगा आहे. त्यांचे मिस्टर "आमच्या गाडीत काय वाईट आहे?" एवढंच बोलले आणि तो विषय निघाला की उठून जाऊ लागले. बाबा म्हणतात, एवढा खर्च कशाला. बारा वर्षांच्या लेकीला डिफेंडरच हवी आहे. ओळखीतल्या एकाने स्वतःची लँड क्रूझर, ड्रायव्हरशिवाय, बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी पैशात देऊ केली आहे. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं आहे. ताई विचारतात, यातली कुठली गाडी घ्यावी? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "दादाला आता आमच्या घरात, आमच्या गाडीत अवघडल्यासारखं होईल का, या विचाराने झोप लागत नाही."

ताई,

गाडीचं उत्तर देते, सविस्तर देते. पण आधी माणसं मोजूया, कारण पत्रात गाड्यांची नावं पाच आहेत आणि माणसांची बेरीज कुठेच नाही.

आई आणि बाबा. दादा, वहिनी, दोन मुलं. तुम्ही, तुमचे मिस्टर आणि लेक. झाले नऊ. आता दादाच्या यादीकडे बघा. सात सीटची गाडी म्हणजे ड्रायव्हर धरून सात. ड्रायव्हर भाड्याचा असेल तर घरची माणसं सहाच बसणार, आणि दादा स्वतः चालवणार असेल तर सात. म्हणजे तीन किंवा दोन माणसं दर वेळी मागून अर्टिगाने येणार. ती माणसं कोण असतील, हे तुम्हाला आणि तुमच्या मिस्टरांना न सांगताही कळलंय. त्यांचं ते गप्प होणं गाडीच्या किमतीपेक्षा या हिशेबामुळे असावं, असं मला वाटतं.

म्हणून पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. दादाने दोन गोष्टी मागितल्या आहेत, लक्झरी एसयूव्ही आणि "सगळे एकत्र", आणि त्या दोन्ही एका गाडीत मिळत नाहीत. त्याच्या यादीतली सर्वांत लांब गाडी डिफेंडर १३०. साधारण ५.३६ मीटर लांब आणि सीट आठ. तीसुद्धा तुम्हाला एका माणसाने कमी पडते.

दादाच्या डोक्यात हे का आलं नाही, तेही समजून घ्या. अमेरिकेत मोठी एसयूव्ही म्हणजे सबर्बनसारखी गाडी. ती पावणेसहा मीटरच्या आसपास लांब असते, तीन रांगा भरून मागे पुन्हा सामानाला भरपूर जागा उरते. त्या देशात ती सहज भाड्याने मिळते. आपल्याकडे ती कंपनीकडून विकलीच जात नाही, कॅडिलॅक एस्कलेडही नाही. इथे ज्यांना आपण मोठ्या लक्झरी एसयूव्ही म्हणतो त्या पाच ते सव्वापाच मीटरच्या. त्यांत पुढच्या दोन रांगा राजेशाही असतात आणि तिसरी रांग सोयीपुरती.

आता एकेक बघू, आणि बघताना आईचा गुडघा डोळ्यांसमोर ठेवू.

लँड क्रूझरचं नाव कोल्हापुरात आदराने घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. ३.३ लिटरचं व्ही-६ डिझेल इंजिन, ७०० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढायची ताकद), आणि ट्रकासारख्या वेगळ्या चासीवर बांधलेली दणकट गाडी. पण भारतात जी लँड क्रूझर ३०० विकली जाते ती पाच सीटची आहे. तुमच्या कामासाठी ती इथेच बाद होते. आधीच्या लँड क्रूझर २०० ला तिसरी रांग होती, ती दुमडून दोन्ही बाजूंना भिंतीला उचलून अडकवायची. ओळखीच्या माणसाची गाडी तसली असली तरी तिचा जमिनीपासूनचा उंबरा उंच, आत चढायला फूटबोर्डवर पाय देऊन अंग वर खेचावं लागतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सत्तरीच्या बाईला हे दिवसातून आठ-दहा वेळा करायला लावणं मला पटत नाही.

डिफेंडर लेकीला आवडणारच, दिसतेच तशी. पण तिचं मागचं दार बाजूला उघडतं आणि त्यावर स्टेपनी लटकलेली. मागे दुसरी गाडी चिकटून लागली की सामान काढता येत नाही. डिसेंबरात बिंदू चौकाच्या पार्किंगला किंवा जोतिबावर ती वेळ येतेच. रेंज रोव्हर बसायला फार सुंदर. एअर सस्पेन्शनमुळे, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली असल्यामुळे, चढा-उतरायच्या वेळी ती खालीही घेता येते. पण आखूड व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत अंतर कमी असलेली) गाडी मिळाली तर ती पाच जणांची, आणि भाडं यादीत सगळ्यांत चढं निघेल.

उरल्या जीएलएस आणि एक्स-७. खरी तुलना या दोघींतच आहे. जीएलएस ५.२ मीटरची, एक्स-७ किंचित कमी. दोन्हींना एअर सस्पेन्शन आहे, दोन्ही खड्ड्यांवरून तरंगत जातात. एक्स-७ चालवणाऱ्याला जास्त आनंद देते, वळणावर तिचं वजन जाणवत नाही. पण तुम्ही गाडी चालवणाऱ्यासाठी घेत नाही आहात. जीएलएसच्या तिसऱ्या रांगेत मोठा माणूस खरोखर बसू शकतो, मधली रांग बटणाने पुढे सरकते, आणि एकंदर गाडी मऊ आहे. शिवाय ती आपल्या चाकणला जुळवली जाते, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या भाड्याच्या बाजारात तीच अधिक दिसते. एक्स-७ घेतलीत तर सहा सीटची की सात सीटची, हे बुकिंगआधी विचारा. सहा सीटच्या गाडीत मधे दोन स्वतंत्र खुर्च्या असतात. त्या आई-बाबांना उत्तम, पण एक माणूस कमी झाला. ऑडी क्यू-७ आणि व्होल्वो एक्ससी-९० दादाच्या यादीत नाहीत, भाड्याला मात्र कधीकधी मिळतात. दोन्हींची तिसरी रांग मुलांपुरतीच समजा.

या सगळ्या गाड्यांची एक अडचण सारखीच आहे, आणि ती फोटोत दिसत नाही. तिन्ही रांगा उघड्या असताना मागे सामानाला जागा जवळजवळ नसते. जीएलएसमध्ये तेव्हा ३५५ लिटर उरतात, एक्स-७ मध्ये त्याहूनही कमी. एखादी मोठी बॅग आणि दोन-चार पिशव्या, संपलं. अमेरिकेहून येणाऱ्या माणसाला सहसा २३ किलोच्या दोन बॅगा आणता येतात. चार माणसांच्या आठ बॅगा झाल्या! सहा वर्षांनी येणारा भाऊ आठव्या बॅगेची जागा रिकामी आणणार नाही, हे तुम्ही त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखता. मुंबई विमानतळावरून आणायला तुम्ही जीएलएस पाठवलीत तर ती चार माणसं आणि तिसरी रांग पाडून बॅगा, यातच भरेल.

मग काय घ्यावं? इथे मी दादाच्या यादीबाहेर जाते.

गुडघ्यासाठी सर्वांत चांगली सीट ती, जिची उंची उभ्या माणसाच्या मांडीच्या वरच्या भागाला येते. मागे वळायचं, आधी सीटवर टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. एसयूव्हीत सीट त्याहून उंच असते, छोट्या गाड्यांत त्याहून खाली. इनोव्हा क्रिस्टा किंवा हायक्रॉसमध्ये ती बऱ्यापैकी जमते. किआ कार्निव्हलमध्ये फारच छान जमते, कारण तिचं दार बाजूला सरकतं, फ्लोअर खाली आहे, आणि शेजारी गाडी लागलेली असली तरी दार पूर्ण उघडतं. कार्निव्हल ५.१५ मीटरची, म्हणजे जीएलएसच्या तोडीची लांब, आतून ऐसपैस, आणि भाडं बरंच कमी. लोक तिला व्हॅन म्हणून मागे टाकतात. आई-बाबांसोबत फिरणाऱ्यांनी मात्र ती आधी बघावी, हे मी आग्रहाने सांगते. ज्यांच्या घरी सहाच माणसं आहेत त्यांचा प्रश्न तिथेच सुटतो.

तुमचे नऊ आहेत. त्यामुळे तुमचं खरं उत्तर फोर्स अर्बानिया. दहा, तेरा, सतरा सीटच्या प्रकारांत ती येते. आत ताठ उभं राहून चालता येतं, प्रत्येक सीटला वेगळा एसी, मागे झुकणाऱ्या खुर्च्या. नऊ माणसं, सामान आणि खाऊचा डबा घेऊन सगळे एका छताखाली बसतात. मुलं आजोबांच्या शेजारी जाऊन बसतील, मग उठून आत्याकडे येतील. वहिनी आणि तुम्ही आठवडाभरात घरात जेवढं बोलणार नाही तेवढं फोंडा घाट उतरेपर्यंत बोलून होईल. दादाने "सगळे एकत्र" म्हटलं तेव्हा त्याला हेच हवं होतं, असं मी धरून चालते. जोतिबाच्या यात्रेला ट्रॅक्समधून दाटीवाटीने गेलेल्या घरातला मुलगा आहे तो. त्याला ती गर्दी आठवत असणार. एक बघा, अर्बानियाची पायरीही तशी उंचच असते, पण धरायला दांडी असते आणि माणूस वाकून चढत नाही, सरळ उभा राहून चढतो. आईंना एकदा चढून-उतरून बघू द्या. भाड्याच्या गाडीवाल्याला सांगितलं तर तो दोन मिनिटांसाठी गाडी दाराशी आणतो. खाली ठेवायला एक छोटं लाकडी पाटासारखं स्टूल सोबत घ्या.

आता त्या स्वस्तातल्या लँड क्रूझरबद्दल. ती घेऊ नका. त्या माणसाच्या मनात वाईट काही नसेलही, पण पांढऱ्या पाटीवरची काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी, आणि ती पैसे घेऊन भाड्याने देता येत नाही. ड्रायव्हरसह भाड्याने चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी असते, त्यावर काळी अक्षरं. स्वतः चालवायला भाड्याने देणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. त्यासाठी १९८९ च्या रेंट अ कॅब योजनेखाली परवाना लागतो आणि तो मिळायला किमान ५० गाड्यांचा ताफा लागतो, त्यामुळे एकट्या-दुकट्या मालकाकडे तो असण्याचा प्रश्नच येत नाही. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर केल्यास संरक्षण नाही. उद्या शिरोलीच्या पुलाजवळ कुणी मागून ठोकलं, तर दोन कोटींच्या वरच्या गाडीच्या दुरुस्तीचं बिल आणि ओळखीतला तो माणूस, दोन्ही तुमच्या दारात उभे राहतील. दादा दहा दिवसांनी परत जाईल. कुणाला दुखापत झाली तर प्रकरण याहून गंभीर होतं, कारण भरपाई दिल्यानंतर विमा कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करायला निघू शकते. त्या माणसाला सरळ सांगा, "तुमचे आभार, पण दादाने कंपनीचीच बिलवाली गाडी घ्यायला सांगितली आहे." यात कुणी दुखावत नाही.

दादाला स्वतः गाडी चालवायची हौस असेल तर त्याचं भारतीय लायसन्स मुदतीत आहे का ते आत्ताच बघायला सांगा. नसेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट अमेरिकेतूनच काढून आणावा लागतो, इथे येऊन मिळत नाही. पण सहा वर्षं रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवलेल्या माणसाने, विमानात रात्र काढून, मुंबईहून थेट स्टीअरिंग हातात घेऊ नये. पुणे-बंगळूर महामार्गावर साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरणाने जागोजागी वळणं टाकली आहेत. रोजच्या ड्रायव्हरलाही तिथे रात्री डोळे ताणावे लागतात. आल्या दिवशी ड्रायव्हरच हवा. पुढे चार दिवसांनी त्याने अर्टिगा घेऊन पन्हाळ्यापर्यंत एक फेरी मारावी, हात बसतो.

बिलाबद्दल दोन शब्द, कारण लक्झरी गाडीत फसगत इथे होते. कोल्हापुरात अशा गाड्या मोजक्या. बऱ्याचदा त्या पुण्याहून किंवा मुंबईहून मागवल्या जातात आणि किलोमीटर मालकाच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत धरले जातात. पुण्याहून गाडी आली तर साधारण २३० किलोमीटर येताना, तेवढेच जाताना, हे तुम्ही गाडीत पाऊल न ठेवताच बिलावर चढले. बाहेरगावच्या भाड्यात रोज किमान किलोमीटर ठरलेले असतात. गाडी दिवसभर दारात उभी राहिली तरी तेवढ्याचे पैसे द्यावे लागतात. वर ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीच्या मुक्कामाचे पैसे, टोल, पार्किंग, गोव्याला गेलात तर परराज्याचा कर. दहा दिवसांपैकी चार-पाच दिवस तुम्ही घरीच असणार. पाहुणे येणार, मटणाचा बेत होणार, मुलं रंकाळ्यावर जाणार. त्या दिवसांसाठी जीएलएस दारात उभी करून ठेवणं म्हणजे दादाचे पैसे रोज उन्हात वाळत घालणं आहे. आणि महाद्वार रोडच्या गर्दीत, पेठांतल्या बोळांत सव्वापाच मीटर लांब आणि आरशांसकट दोन मीटरहून रुंद गाडी नेणं हा ड्रायव्हरला शिक्षेसारखा प्रकार. तिथे तुमची ४.४ मीटरची अर्टिगा किंवा सरळ रिक्षा.

आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे येते. पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. दादाला अर्टिगा आवडणार नाही, असं दादा कुठेच म्हणालेला नाही. त्याने पैसे मी देतो म्हटलं, आणि तुम्हाला त्यात तुमच्या घराबद्दलचा शेरा ऐकू आला. असं होतं, ताई. जो जवळ राहतो त्याला वाटत राहतं की आपण रोज केलेलं कुणाला दिसत नाही, आणि लांबचा माणूस दहा दिवसांत येऊन मोठं काहीतरी करून जाणार. जो लांब असतो त्याच्या बाजूने बघा. गेल्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर कोण बसलं होतं? तुम्ही आणि तुमचे मिस्टर. तो फोनवर होता. ज्याला हाताने करता येत नाही तो पैशाने करायला बघतो, आणि त्यातही मोठ्यातली मोठी वस्तू निवडतो, कारण राहून गेलेलं त्याला मोठं वाटत असतं. त्याच्या मागणीत थोडी मिरवायची इच्छाही असेल. असू द्या. कोल्हापूरला गाडीची हौस नवी नाही. राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक दसऱ्याला निघते तेव्हा ती बघायला आजही लोक वाट अडवून उभे राहतात. आपल्या गल्लीत, आपल्या माणसांसमोर, आई-बाबांना चांगल्या गाडीतून उतरवावं असं मुलाला वाटणं हे प्रेमच आहे. ते नाकारू नका, फक्त त्याला योग्य दिवस द्या.

तो दिवस ठरलेलाच आहे. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला जीएलएस मागवा, एका दिवसाची, ड्रायव्हरसह, पिवळ्या पाटीची. मधल्या रांगेत आई-बाबा आणि वहिनी, तिसऱ्या रांगेत दादाची दोन मुलं, पुढे दादा. सकाळी लवकर अंबाबाईचं दर्शन, मग कार्यक्रमाचा हॉल, संध्याकाळी हवं तर पन्हाळ्यावर. गाडी थेट गडावर जाते, त्यामुळे आईंना फारसं चालावं लागत नाही. जोतिबाला उतरून पायऱ्या आहेत, तिथलं आईंच्या तब्येतीवर सोडा. त्या दिवशी तुम्ही तिघं अर्टिगाने पुढे जाल, कारण घरच्या कार्यात हॉलवर आधी पोचून ताटं-पाणी बघणारी माणसं लागतातच, आणि तेव्हा मागे पडल्यासारखं वाटणार नाही. कोकणात किंवा नरसोबाच्या वाडीला जाण्याचे दोन-तीन दिवस अर्बानिया. मुंबईहून येताना इनोव्हा क्रिस्टा, वर कॅरिअर असलेली, फक्त त्या चौघांसाठी. बाकी दिवस घरची गाडी. हा सगळा खर्च दहा दिवसांच्या लक्झरी एसयूव्हीपेक्षा कमीच येईल.

दादाला हे सांगायचं कसं? खर्चावरून सुरुवात करू नका, त्याला ते टोचेल. माणसांवरून करा. असं काहीतरी लिहा: "दादा, यादी बघितली. आपण नऊ जण आहोत आणि या कुठल्याच गाडीत नऊ बसत नाहीत. तू एकत्र फिरू म्हणालास ते मला फार आवडलं, म्हणून फिरायला नऊ जणांची गाडी बघते. वाढदिवसाच्या दिवशी आई-बाबांसाठी मर्सिडीज तुझ्याकडून. रस्ते आणि ड्रायव्हरचं तू दाजींशी बोल, ते बघतील." शेवटचं वाक्य गाळू नका. दादाने तुमच्या मिस्टरांना स्वतः फोन करून विचारायला हवं: दाजी, मालवणला कुठल्या घाटाने जावं, सध्या कुठला रस्ता चांगला आहे? तुम्ही निरोप्या बनून दोघांमध्ये उभ्या राहिलात तर दोघंही तुमच्यावरच रुसतील. पैशांचंही तसंच. गाडी दादाची, घरातला पाहुणचार तुमचा. दोन्हींची बरोबरी करायला जाऊ नका आणि मिस्टरांनाही निम्मे पैसे द्यायचा हट्ट धरू देऊ नका. दहा दिवस नऊ माणसांना जेवायला घालणाऱ्या घराला कुणापुढे हिशेब मांडायची गरज नसते.

पत्रात आणखी एक गोष्ट जाणवली. दादाचं मत आहे, मिस्टरांचं आहे, बाबांचं आहे, लेकीचंसुद्धा आहे. आईंचं नाही. त्यांचा गुडघा आहे, त्या नाहीत. त्यांना गाडी कुठली हे विचारू नका, कुठे जायचंय ते विचारा. कदाचित त्यांना माहेरच्या गावी जायचं असेल, कदाचित एकाच दिवशी फार फिरवू नका म्हणतील. त्या सांगतील त्यावरून वरचा सगळा बेत बदलला तरी चालेल.

बुकिंग मात्र लांबवू नका. डिसेंबरात लग्नं आणि सहली एकदमच येतात आणि चांगल्या अर्बानिया आधी जातात. गाडीचा नंबर आधी मागून घ्या आणि एमपरिवहन ॲपवर टाकून बघा, गाडीची नोंद, फिटनेस आणि विम्याची मुदत तिथे दिसते. "जीएलएस किंवा तत्सम" असं लिहून देत असतील तर मान्य करू नका, मॉडेल, वर्ष आणि सीट किती हे लिहून घ्या. किलोमीटर कुठून मोजणार, रोजचे किमान किती, त्यापुढे दर काय, ड्रायव्हर भत्ता आत की बाहेर, हे सगळं व्हॉट्सॲपवर का होईना पण लेखी असू द्या. धाकट्यासाठी बेबी सीट लागणार, ती लावायचे आयसोफिक्सचे हूक गाडीत आहेत का आणि सीट गाडीवाला देतो की दादाने आणायची, हे आधी ठरवा. गाडी दारात आली की निघण्याआधी चारही बाजूंनी आणि चारही चाकांच्या रिमचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, ड्रायव्हरसमोर. या गाड्यांचे टायर पातळ कडांचे असतात, खड्ड्यात रिम वाकली तर एका चाकाचं बिलही मोठं येतं आणि ते कुणाच्या माथी, यावरून शेवटच्या दिवशी वाद होतात.